आडवं पडलेलं जुनिपर

पुण्यात बोन्साय शिकणाऱ्या बहुतेकांचा हात वडावर बसतो. वड, उंबर, पिंपळ, नांद्रुक ही आपली झाडं. पेठांमधले जुने वाडे पाडले जातात तेव्हा भिंतींतून निघालेली त्यांची रोपं कुणीही घेऊन जावीत अशी पडलेली असतात, आणि ती वाटेल ते सोसतात. मनगटाएवढा वड गुडघ्याच्या उंचीवर करवतीने कापा, वर एकही पान ठेवू नका. चीक गळून वाळतो आणि पावसाळा लागला की त्या बोडक्या बुंध्यातून चहूबाजूंनी कोंब फुटतात. हवे ते ठेवायचे, नको ते खुडायचे. एखादी फांदी मनासारखी झाली नाही तर ती काढून टाकायची, तिच्या शेजारून दुसरी येते. माझी शिकण्याची सगळी वर्षं अशा झाडांवर गेली. पुढे हेच काम पोटापाण्याचं झालं, लोकांच्या गच्चीवरची झाडं सांभाळायची, वर्ग घ्यायचे, तेव्हाही हाताखालून जाणारी झाडं मुख्यतः याच कुळातली होती.

जुनिपर या सूचिपर्णी झाडाला यातलं काही चालत नाही. जिथे हिरवं उरलेलं नाही अशा जुन्या लाकडातून ते सहसा पुन्हा फुटत नाही. फांदीवरची सगळी पालवी काढली की ती फांदी संपली. मग खत घाला, पाणी घाला, वाट पाहा, ती परत येत नाही. वडावर तयार झालेल्या हाताला हे शिकायला जड जातं, कारण तो हात आधी कापतो आणि मग झाड काय म्हणतं ते बघतो. जुनिपरपुढे हा क्रम उलटा करावा लागतो. तो माझ्याकडून खऱ्या अर्थाने उलटा करून घेतला एका टाकून दिलेल्या झाडाने.

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर, उरुळी कांचन या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांग आहे. शहरातल्या बंगल्यांची, कंपन्यांच्या आवारांची, रस्त्यांच्या दुभाजकांची झाडं इथून जातात. मी तिथे जाते ती दर्शनी भागासाठी नाही. पुढे क्रोटन असतात, पाम असतात, फुलून आलेली बोगनवेल असते. मला हवं ते सगळ्यात मागे, शेडनेट संपतं त्याच्याही पलीकडे, फुटक्या कुंड्या आणि खताच्या रिकाम्या गोण्या टाकतात तिथे. एकदा जानेवारीत अशाच एका नर्सरीच्या मागच्या कुंपणाशी मला हे जुनिपर दिसलं. काळी पिशवी कधीच फाटून गेली होती, मुळं जमिनीत उतरली होती, आणि झाड पूर्ण आडवं होतं. गवत त्याच्या अंगावरून वाढलं होतं. खालच्या अंगाच्या फांद्या मातीला टेकून वाळून करड्या पडलेल्या, वरच्या अंगाच्या मात्र सरळ आभाळाकडे गेलेल्या. शेंडासुद्धा जमिनीलगत थोडं अंतर सरपटून मग वळून उभा राहिला होता.

नर्सरीचे मालक मागून आले. म्हणाले, “ताई, ते राहू द्या. आडवं पडलंय कधीचं. सरळ पाहिजे तर पुढं आहेत.”

“कधीचं म्हणजे, दादा?”

“आमच्या वडलांच्या वेळचा माल तो. बंगल्याच्या गेटला दोन बाजूंना दोन, असा जोडीनं जायचा. मग लोक पाम मागायला लागले. हे मागं राहिलं, वाऱ्यानं पडलं, कुणी उचललं नाही.”

त्यांनी फक्त खणणाऱ्या माणसाची मजुरी मागितली. मी मोठ्या जुनिपरची जी किंमत असते ती दिली. ते नको म्हणत होते, पण त्या झाडात जेवढी वर्षं साठली होती ती त्यांच्या जमिनीवर साठली होती आणि ती मला कुठल्याही कुंडीत इतक्या लवकर मिळाली नसती. बुंधा माझ्या मनगटाहून जाड होता. नर्सरीत सरळ ओळीत, वेळच्या वेळी पाणी-खत मिळून वाढलेलं जुनिपर गुळगुळीत शंकूसारखं होतं, खालपासून वरपर्यंत हिरवं, आणि बोन्सायच्या दृष्टीने त्यात पकडायला काही नसतं. दुर्लक्षाने या झाडाला कल दिला होता, मेलेलं लाकूड दिलं होतं, उजेडासाठी आपल्या जोरावर उभ्या राहिलेल्या फांद्या दिल्या होत्या.

त्या दिवशी मी झाड उचललं नाही. बुंध्याभोवती हातभर अंतरावर चर खणून बाहेर गेलेली मुळं कापून घेतली, चरात भरड वाळू भरली आणि थंडी सरायच्या बेताला पुन्हा गेले. तोवर आतल्या बाजूला पांढरी बारीक मुळं धरू लागली होती. गाठोडं बांधून झाड आणलं आणि भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये लावलं. क्रेटला सगळीकडून भोकं असतात, त्यामुळे मुळाचं टोक कडेला येऊन हवेला लागलं की तिथेच थांबतं आणि मागून फुटवे घेतं. कुंडीत ते गोल गोल फिरत राहिलं असतं. मिश्रणात विटांचा चाळलेला चुरा, भरड वाळू आणि थोडं पानांचं कुजलेलं खत. चुऱ्याचा दाणा ज्वारीपेक्षा मोठा ठेवते आणि धूळ चाळून फेकून देते. जपानी पुस्तकं ज्या अकादामा मातीबद्दल सांगतात ती इथे आयात करावी लागते, महाग पडते. भाजलेल्या विटेचा चुरा तिचं बरंचसं काम करतो: पाणी धरतो आणि दाण्यांमधून हवाही जाऊ देतो. नर्सरीच्या लाल चिकट मातीत जुनिपर पुण्याचा पावसाळा काढतं, पण कुढत काढतं.

यानंतर पुढच्या थंडीपर्यंत मी त्याला कात्री लावली नाही. मुळं कापलेल्या झाडाला हिरवी पालवी हवी असते, कारण नव्या मुळांचं अन्न त्या पालवीतच तयार होतं. वर्गात हे सांगताना मला नेहमी विरोध होतो. माणसं झाड घरी नेतात ती काहीतरी करण्याच्या उत्साहात, आणि ‘वर्षभर फक्त पाणी घाला’ हे ऐकून त्यांचा चेहरा पडतो. पण मुळांचं काम आणि फांद्यांचं काम एकाच हंगामात करणं हे जुनिपर मरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मी पाहिलं आहे. त्यातही फसवणूक अशी की जुनिपर मेलं तरी कितीतरी आठवडे हिरवं दिसतं. मुळं गेलेली असतात, वर रंग तसाच असतो. माणूस पाणी घालत राहतो.

उन्हाळा जपावा लागला. हे झाड चीन-जपानकडचं, थंडी सोसणारं. पुण्याच्या एप्रिलमध्ये गच्चीची फरशी तापते, पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते. ही हवा लाल कोळ्याला मानवते. तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकायची आणि पडलेल्या धुळीचे ठिपके चालायला लागतात का ते बघायचं. चालले तर तो कोळी. पालवी आतून धुरकट, पिवळट दिसू लागते आणि लोक तिला उन्हाची झळ समजतात. मी औषधाआधी पाणी वापरते: सकाळी पाइपाने खालून वर, पानांच्या मागच्या बाजूला जोराचा फवारा. अर्धी सावली देणारी जाळी वर लावली होती. जूनमध्ये पहिले पाऊस झाले आणि फांद्यांची टोकं फिकट हिरवी होऊन पुढे धावू लागली, तेव्हा मुळांनी नवी जागा धरली हे कळलं.

या सगळ्या काळात मी बघत होते. कामाच्या टेबलावर फिरता पाट आहे, त्यावर क्रेट ठेवून चहा घेताना रोज थोडं फिरवायचं. पहिला प्रश्न असा की हे झाड उभं आहे की आडवं? मुळांची दिशा म्हणत होती की ते एकदा उभं वाढलं, मग कललं. ज्यांना ज्यांना मी ते दाखवलं त्यातल्या बहुतेकांचा सल्ला एकच होता, लावताना सरळ करून टाका. मला ते पटत नव्हतं, आणि का पटत नव्हतं ते एका कापलेल्या तुकड्याने दाखवलं. आडव्या खोडाच्या टोकाकडची एक वाळलेली जाड फांदी करवतीने काढली तेव्हा तिच्या कापावर लाकडाची वर्तुळं एकमध्य नव्हती. गाभा वरच्या बाजूला सरकलेला आणि खालच्या बाजूची वर्तुळं रुंद, तांबूस. झुकलेलं झाड स्वतःला सावरतं ते असं. सूचिपर्णी झाडं कलाच्या खालच्या अंगाला दाट, कडक लाकूड तयार करतात आणि त्याच्या जोरावर खालून वर रेटतात. वड-आंब्यासारखी रुंद पानांची झाडं हेच काम उलट बाजूने करतात. त्यांचं खास लाकूड वरच्या अंगाला तयार होतं आणि फांदीला वर ओढतं. इतकी वर्षं मी वडाच्या फांद्या वाकवत होते, तेव्हा त्या ओढीशी झटत होते. इथे रेटा होता, आणि तो या खोडाच्या अंगात कायमचा साठला होता. ते सरळ केलं असतं तर झाडाने वर्षानुवर्षं केलेली धडपड चुकीच्या दिशेला दिसली असती. म्हणून कल ठेवायचं ठरवलं. जपानी परंपरेत कललेल्या झाडाच्या या घडणीला शाकान म्हणतात. आडवेपणा थोडा उचलला, इतकाच की बुंधा मातीतून तिरका बाहेर यावा आणि मुळांचा पसारा कलाच्या उलट बाजूला झाडाला धरून ठेवताना दिसावा.

तो पसारा मातीखाली दोन बोटं गाडला गेला होता. बांबूच्या काडीने माती उकरत तो उघडा करायला एक अख्खी दुपार गेली, आणि झाडाची समोरची बाजू त्या दुपारीच ठरली. फांद्या बदलता येतात. मुळं आणि खोड जिथे भेटतात तो भाग एका बाजूनेच बोलतो.

मग साफसफाई. या कामाचं कौतुक कुणी करत नाही, पण मला ते सगळ्यात आवडतं. आतली तपकिरी झालेली पालवी चिमट्याने एकेक काढायची. फांद्यांच्या बेचक्यांतले, खाली लोंबणारे, उजेड न मिळणारे अशक्त फुटवे काढायचे. खोडावरची सुटलेली साल ओल्या ब्रशने हळूहळू घासायची. जुनिपरची साल वरून राखाडी, तंतूंची असते. ती निघाली की खालून तांबडा-तपकिरी रंग येतो, आणि त्या रंगावरून जिवंत भाग कुठून कुठे जातो ते वाचता येतं. हा खोडाच्या आतला व्यवहार समजल्याशिवाय जुनिपरला हात लावू नये, असं माझं आता ठाम मत आहे. वडाच्या खोडात पाणी बरंचसं वाटून जातं. एक मूळ गेलं तर बाकीची सांभाळून घेतात. जुनिपरमध्ये ठरावीक मूळ ठरावीक फांदीला पोसतं, आणि दोघांमध्ये खोडावर सालीचा एक पट्टा असतो. मूळ गेलं की तो पट्टा आणि त्यावरची फांदी जाते, शेजारचा पट्टा मात्र जगतो. म्हणूनच डोंगरकड्यांवरच्या जुन्या जुनिपरांचं निम्म्याहून अधिक खोड पांढरं, मेलेलं असतं आणि एका कडेने वळसे घेत गेलेल्या पट्ट्यावर अख्खा हिरवा शेंडा उभा असतो. लडाखमध्ये हेमिस शुकपाचन गावाजवळ अशा झाडांची राई आहे. तिथले लोक शुकपाचा, म्हणजे जुनिपरचा, धूप जाळतात आणि त्या झाडांना पवित्र मानून राखतात. जपानमध्ये शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगरातून आणि इतोइगावाच्या कड्यांवरून दोराने लोंबकळत माणसांनी अशी झाडं उतरवली, आणि जुनिपर बोन्सायचा आदर्श त्या झाडांवरून घडला.

माझ्या झाडाच्या वाट्याला कडा नव्हता, हिमवर्षाव नव्हता. उरुळीचं गवत आणि सावली होती. पण खालच्या अंगाच्या फांद्या मेल्या त्या त्याच न्यायाने, आणि त्यांच्याखालचे सालीचे पट्टेही वाळले होते. मी नखाने जागोजाग साल किंचित खरवडून पाहिली. ओलसर हिरवं दिसलं तिथे जिवंत, कोरडं दिसलं तिथे मेलेलं. खडूने सीमा आखत गेले. बुंध्याच्या खालच्या अंगाला एक लांब कोरडा पट्टा मुळापासून निघून पहिल्या मेलेल्या फांदीपर्यंत गेलेला सापडला. त्याला शारी म्हणतात, फांदीचं किंवा शेंड्याचं मेलेलं टोक ठेवतात त्याला जिन. लोक हे कोरून तयार करतात. जपानमधल्या ओमियाचे मासाहिको किमुरा यांनी तर विजेची यंत्रं वापरून मेलेल्या लाकडाचं शिल्प केलं आणि जगभरची पद्धत बदलून टाकली. मला इथे फारसं कोरायचं नव्हतं. सुटलेली मेलेली साल काढली, वाळक्या फांद्यांची टोकं पकडीने धरून फाडली. कापलेल्या लाकडावर सपाट कापाची खूण राहते. फाडलं की तंतू आपल्या वळणाने सुटतात.

आता खरा पेच. आडव्या खोडाच्या टोकाला वळून उभा राहिलेला मूळ शेंडा झाडातली सगळ्यात जोरकस हिरवळ बाळगून होता. पण तो मुळांपासून फार दूर होता, आणि तो ठेवला तर झाड लांबलचक, पातळ दिसत होतं. बुंध्याजवळ, वरच्या अंगाला, आभाळाकडे गेलेल्या फांद्यांपैकी एक लहानशी फांदी योग्य जागी होती. ती नवा शेंडा झाली तर बुंध्याची जाडी आणि झाडाची उंची एकमेकांना शोभली असती, आणि पुढचं सगळं लांब खोड मेलेलं लाकूड म्हणून राहिलं असतं. म्हणजे निम्म्याहून जास्त पालवी जाणार.

वर्गातला एक मुलगा म्हणाला, “ताई, एका झटक्यात करून टाकू. प्रात्यक्षिकात करतातच की.” तो खरं बोलत होता. प्रदर्शनांत मंचावर मोठमोठे कलाकार काही तासांत झुडपाचं झाड करून दाखवतात. मी ती प्रात्यक्षिकं मन लावून पाहिली आहेत, त्यातून शिकलेही आहे. पण तीन वर्षांनी ते झाड कुठे आहे हे त्या प्रेक्षकांपैकी कुणी पाहत नाही. माझ्या दृष्टीने त्या कलेचं मोजमाप तिथेच व्हायला हवं. शिवाय जोरकस जुनिपरची पालवी एकदम जास्त काढली की ते घाबरल्यासारखं बालवयात जातं: खवल्यांच्या मऊ पालवीऐवजी टोचणाऱ्या सुया काढू लागतं, आणि पुन्हा पक्की पालवी यायला दीर्घ काळ जातो.

म्हणून मूळ शेंडा त्या थंडीत काढला नाही. विरळ केला, त्याची टोकं आवरली, म्हणजे त्याची ओढ कमी होईल. नव्या शेंड्याच्या फांदीला मात्र अजिबात न छाटता मोकळं सोडलं, तिच्यावर पडणारी सावली हटवली. पुढच्या पावसाळ्यात, साल रसरसून सहज सुटते त्या दिवसांत, मूळ शेंड्याकडे जाणाऱ्या खोडाची खालच्या बाजूची साल एका अरुंद पट्टीत काढली आणि थांबले. नंतर ती पट्टी रुंद केली. झाडाने हळूहळू आपला ओघ जवळच्या फांदीकडे वळवला. ती डोळ्यांदेखत जाड झाली. शेवटी दूरच्या शेंड्याला काढण्याची वेळ आली तेव्हा तो काढल्याचं झाडाला फारसं जाणवलंच नाही, असं त्या वसंतातल्या वाढीवरून दिसलं.

वाकवण्याचं काम याच्या उलट हंगामाचं. साल सुटते तेव्हा वाकवलं तर ती आतून लाकडापासून निसटते आणि फांदी मरते. म्हणून तार थंडीत. मी जाड फांद्यांना तांब्याची तार वापरते, अर्थिंगसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी उघडी, 8 गेजची म्हणजे चार मिलिमीटरची, आणि बारीक फांद्यांना 12 आणि 14 गेज. दुकानातून आणलेली ती कडक असते. शेगडीत निखाऱ्यांवर मंद लाल होईपर्यंत तापवली की मऊ होते. हे मी अंधार पडल्यावर करते, कारण तो लाल रंग उजेडात दिसत नाही आणि जास्त तापली तर तार जळते. मऊ तार फांदीवर चढते आणि वाकवताना पुन्हा कडक होत जाते, म्हणून तांबं वळण धरून ठेवतं. ज्या फांद्यांना जास्त वाक द्यायचा होता त्यांना आधी ओल्या तागाने घट्ट गुंडाळलं, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, त्यावर तार. तांबूस कडक लाकडाचा जो भाग होता तिथे मी जोर लावला नाही. तो वाकत नाही, तुटतो. तिथे फांदीलाच वळण घ्यायला लावलं.

पुण्यात तारेवर लक्ष ठेवावं लागतं. थंड देशांतल्या पुस्तकांत तार वर्ष-दीड वर्ष राहू द्या असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे झाडाला खरी झोप नसते, आणि पावसाळ्यात फांद्या इतक्या वेगाने जाड होतात की तार काही महिन्यांतच सालीत रुतायला लागते. ती उलगडून काढत नाही, तुकडे करून कापून काढते. तांब्याचे तुकडे डब्यात जमतात आणि पुन्हा भट्टीत जातात.

मेलेल्या लाकडावर गंधक आणि चुना उकळून केलेलं द्रावण लावते. लावताना ते केशरी असतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि उन्हात वाळताना पांढरं होत जातं. मातीवर प्लास्टिक पसरून, मुळांवर थेंब पडू न देता. रंगापेक्षा मला त्याचा उपयोग बुरशीसाठी जास्त वाटतो. जुनिपरचं लाकूड चिवट, राळेचं, सहजी कुजत नाही, पण चार महिने ओल धरून राहणाऱ्या आपल्या हवेत शारी मातीला टेकते ती जागा मऊ पडू शकते. म्हणून पावसाळ्याआधी तिथली माती मागे ओढून ठेवते आणि एक हात पुन्हा देते.

झाड आकाराला आल्यावर प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा एक आजी बराच वेळ बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, “बाळा, एवढं बांधून, कापून झाडाला त्रास नाही का होत?” हा प्रश्न मला सगळीकडे विचारला जातो, आणि मी तो झटकून टाकत नाही. मी त्यांना मुळं दाखवली, पालवीचा रंग दाखवला, क्रेटमधली वाढ सांगितली. सगळ्यात जास्त वेळ ते मेलेलं लाकूड दाखवण्यात गेला. आपल्या बागेत वाळकी फांदी दिसली की आपण ती कापून टाकतो, घराच्या अंगणात मेलेलं लाकूड नको म्हणतो. या झाडात ते ठेवलं आहे, कारण त्याच्या कडेने जिवंत पट्टा चढून गेला आहे आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय झाडाने काय केलं ते कळत नाही. त्या पटल्याचं म्हणाल्या नाहीत. “हं,” म्हणून पुन्हा बघत राहिल्या, आणि जाताना खोडाला हळूच हात लावून गेल्या. माझी हरकत नव्हती.

अमेरिकेतल्या जॉन नाका यांचं ‘गोशिन’ हे बोन्सायचं जंगल जगभर ओळखलं जातं. तेही जुनिपरचंच, बागेत लावतात त्या फोमिना नावाच्या साध्या जातीचं. त्याची सुरुवात 1948 मध्ये झाली, 1984 मध्ये त्यांनी ते वॉशिंग्टनला राष्ट्रीय संग्रहासाठी दिलं, आणि त्यांच्या मृत्यूनंतरही ते वाढतं आहे. वर्गातल्या मुलांना मी त्याचा फोटो दाखवते तो यासाठी की त्यातल्या झाडांची जात दुर्मीळ नाही. कुठल्याही नर्सरीच्या मागच्या अंगणात सापडावी अशीच आहे.

आता कुंडीचं बघायचं आहे. क्रेटचं काम झालं. उथळ, लांबट, बिनचकाकीची, तपकिरी कुंडी मनात आहे. तांबड्या जिवंत पट्ट्याला आणि पांढऱ्या लाकडाला चकाकणारा रंग शेजारी नको. थंडी सरताना बदल करीन, पण सगळी मुळं एकदम मोकळी करणार नाही. नवा शेंडा उजव्या अंगाच्या पट्ट्यावर जगतो आहे आणि त्याला पोसणारी मुळं उजवीकडेच आहेत. त्यामुळे या खेपेस फक्त डावीकडची जुनी लाल माती काडीने सोडवून तिथे विटांचा चुरा भरायचा आहे. उजवी बाजू, डावीकडे नवी मुळं धरली तर, त्यापुढच्या थंडीत.